आरसा घासणारी माणसं कुठं भेटणार?

गेल्या अंकात घरच्या घरी काच घासून दुर्बिणीचा आरसा कसा बनवतात ते लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सअ‍ॅपवर तर व्हॉइस मेसेजचा ढीग झाला. काचेबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त विचारलंय तुम्ही. शिकवणारं कुणी जवळ नाही, आधी नेटवर लोक भेटायचे ते आता दिसत नाहीत, ग्रुप आहे पण त्यात जीव नाही, असं बहुतेकांचं म्हणणं. विषय माझ्या फार जवळचा आहे म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच देते. पत्रं थोडी कापलीयेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

ताई, आम्ही दहा-बारा जण आधी याहू ग्रुपवर होतो, मग फेसबुकवर गेलो, आता व्हॉट्सअ‍ॅपवर आहोत. मेंबर १८० झालेत पण आरसा घासणारे चारही नाहीत. दिवसभर गुड मॉर्निंग, ग्रहणात जेवावं का, नाहीतर नासाचे फोटो. कुणी खरा प्रश्न टाकला तर तासाभरात तो कुठल्या कुठे वर निघून जातो. ग्रुप बंद करून टाकावा का? (सांगली)

बंद नका करू. पण त्या ग्रुपकडून जे काम होणारच नाही ते करून घ्यायचं सोडा.

आपला छंद हळू आहे. सहा इंची आरसा रविवार-रविवार घासत बसलात तर काही महिने सहज जातात, आज काचेवर चरा दिसला तर तो कशाने पडला ते पुढच्या रविवारी कळतं आणि उपाय लागू पडला की नाही ते त्याच्याही पुढच्या. जुन्या फोरमवर हे जमायचं कारण तिथं प्रश्नाला स्वतःचं पान असायचं, उत्तर आठ दिवसांनी आलं तरी त्याच प्रश्नाखाली बसायचं आणि तीन वर्षांनी दुसऱ्या कुणाचं तेच अडलं की त्याला शोधून सापडायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आजचा प्रश्न उद्या सापडत नाही. त्यात लोकांचा दोष नाही, ते बनवलंयच तसं. म्हणून तिथं तारीख, जागा, कोण कोण येतंय आणि घासायची ऐंशी नंबरची (जाड) पावडर कुणाकडे शिल्लक आहे, एवढंच ठेवा. गुड मॉर्निंगवाल्यांशी भांडत बसू नका, ती माणसं तुमच्या दुर्बिणीतून शनी बघायला सगळ्यात आधी येतील. कामाच्या लोकांचा छोटा ग्रुप वेगळा काढा, तो पाच जणांचा झाला तरी पुष्कळ.

पण खरं सांगू का, ग्रुप कुठल्या अ‍ॅपवर आहे याने फार फरक पडत नाही. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं छोटं गाव आहे, मशीन टूल बनवणाऱ्या कारखान्यांचं. तिथं १९२० मध्ये रसेल पोर्टर नावाच्या माणसाने कारखान्यातल्या कामगारांना आरसा घासायला शिकवायला सुरुवात केली. त्यातून क्लब झाला, १९२४ ला गावाबाहेरच्या टेकडीवर त्यांनी स्वतःची क्लबची इमारत बांधली, तिचं नाव स्टेलाफेन, आणि १९२६ पासून तिथं दर उन्हाळ्यात दुर्बिणी बनवणाऱ्यांचं संमेलन भरतं. महायुद्धात वगैरे खंड पडला तेवढा सोडला तर आजही भरतं. पत्रांचा जमाना गेला, मासिकातली सदरं बंद पडली, याहू आलं आणि गेलं, संमेलन मात्र चालूच. मला विचाराल तर त्याचं कारण एकच, तिथं येणारा माणूस स्वतः बनवलेलं काहीतरी घेऊन येतो, नाहीतर दुसऱ्याने बनवलेलं उघडून बघायला येतो. भाषण ऐकायला येणारा माणूस दोनदा येतो आणि गळतो. ज्याचा आरसा अर्धा घासून झालाय त्याला यावंच लागतं.

आपल्याकडेही तेच दिसेल. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ ची, मुंबईचं खगोल मंडळ १९८५ चं, म्हणजे हॅलेचा धूमकेतू यायच्या तोंडावरचं. दोन्ही इंटरनेटच्या आधीच्या. मुंबईजवळच्या वांगणीला आकाश बघत ज्यांनी रात्री काढल्यात त्यांना विचारा, त्यांच्या लक्षात ठरलेली रात्र आणि ठरलेली जागा राहिलीये. लोकल पकडायची, सतरंजी घ्यायची, सकाळच्या गाडीने परत. अमुक रात्री तिथं माणसं असणारच, हा भरवसा त्यांना होता.

तर तुम्ही असं करा. महिन्याचा पहिला रविवार धरा, सकाळी तीन तास, कुणाच्या तरी पार्किंगमध्ये किंवा शाळेच्या व्हरांड्यात. एक पिंप पाण्याने भरून मधोमध ठेवा म्हणजे हलणार नाही, त्यावर टूल (ज्या चकतीवर आरसा घासायचा ती) बसवा आणि ग्रुपचा म्हणून एकच आरसा घासायला घ्या. सगळ्यांनी आळीपाळीने. आरसा खराब होईल ही भीती मनातून काढून टाका. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सगळ्या दिशांनी घासले की वरचा खोलगट होत जातो आणि खालचा फुगीर, आणि दोघांचा आकार आपोआप गोलाचा होतो. म्हणून तर आपण पिंपाभोवती फिरत घासतो, एकाच बाजूने घासत नाही. पाच जणांचे पाच प्रकारचे हात लागले तर जाड पावडरींच्या टप्प्यात ते उलट चांगलंच. शेवटचं आकार देण्याचं काम तेवढं एकाच्याच हाती ठेवा.

आणि हे पावसाळ्यात सुरू करा. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाही, खगोलाचे सगळे ग्रुप त्या चार महिन्यांत थंड पडतात आणि त्यातले बरेचसे दिवाळीनंतर उठतच नाहीत. आपल्याला मात्र काम करायला तेच महिने आहेत. जूनमध्ये जाड पावडर, ऑगस्टपर्यंत बारीक, गणपती उरकले की पॉलिश, दिवाळीनंतर कोटिंग आणि डिसेंबरात मृगातला तेजोमेघ बघायचा. अ‍ॅल्युमिनियमचं कोटिंग निर्वात चेंबरमध्ये करतात, त्यात एका वेळी बरेच आरसे मावतात, त्यामुळे चार-पाच जणांनी एकदम पाठवले तर प्रत्येकाला स्वस्त पडतं. एकत्र राहण्याचं हेही एक रोकडं कारण.

नमस्कार. पॉलिशिंगला अडकलोय. पिचचा लॅप एप्रिलपासून नुसता पसरतोय, खोबणी बुजतात, आणि फूको टेस्टमध्ये (दिवा आणि ब्लेड लावून आरशाचा आकार तपासतात ती) कड उतरलेली दिसतेय. यावर फोरमवरचा एक अप्रतिम धागा मी सेव्ह करून ठेवला होता, आता लिंक उघडतच नाही. दुसरा एक सापडला तर त्यातले सगळे फोटो गायब, नुसत्या राखाडी चौकटी. काय करू? (नागपूर)

आधी लॅपचं, म्हणजे डांबरासारख्या पिचच्या ज्या थरावर आरसा पॉलिश करतो त्याचं. नागपूरच्या उन्हाळ्यात हे होणारच. पिच हा घन दिसतो पण वाहतो, गरम हवेत तो इतका मऊ होतो की काच त्यात बुडते आणि कडेशी जास्त घासली जाते, तुमची कड त्यानेच उतरलीये. थंड देशातल्या माणसाने दिलेलं पिचचं प्रमाण विदर्भात एप्रिल-मेला चालणार नाही. पिच मंद आचेवर वितळवून त्यात थोडी राळ घाला, राळेने तो कडक होतो (हिवाळ्यात फार कडक वाटला तर थोडं टर्पेंटाइन). हे काम उघड्यावर, शेगडीपाशी उभं राहून करायचं, पिच पेट घेतो, गॅसवर ठेवून आत जायचं नाही. ज्या खोलीत पॉलिश करणार त्याच खोलीत त्याच वेळी अंगठ्याच्या नखाने बेताचा दाब देऊन बघा, काही सेकंदांनी खाच उमटली पाहिजे, पण नख सहज रुतलं तर अजून मऊ आहे. खोबणी ब्लेडने परत कापा आणि त्यांच्या जाळीचा मध्य आरशाच्या मध्याशी जुळू देऊ नका, नाहीतर आरशावर वलयं उठतात. काम पहाटे करा. टेस्टच्या आधी आरसा स्टँडवर तासभर तसाच राहू द्या, साधी काच पायरेक्सच्या (उष्णतेने कमी प्रसरण पावणाऱ्या काचेच्या) जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते आणि नुसत्या हाताच्या उबेने तिचा आकार खोटा दिसतो. हे महत्त्वाचं यासाठी की सहा इंची एफ/८ (फोकल लेंग्थ व्यासाच्या आठपट) आरशात जवळच्यात जवळचा गोल आणि आपल्याला हवा तो पॅराबोला यांच्यात मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढासुद्धा फरक नसतो. दुपारी बेचाळीस डिग्रीत केलेली टेस्ट काहीही सांगेल.

आता लिंकचं. तुमच्या त्या राखाडी चौकटींचं कारण बहुतेक असं असणार की लिखाण एका ठिकाणी होतं आणि फोटो दुसऱ्याच्याच साइटवर. २०१७ मध्ये फोटोबकेटने बाहेरच्या पानांवर फोटो दाखवायला वर्षाला जवळपास चारशे डॉलर मागायला सुरुवात केली आणि जगभरच्या छंदवाल्यांची हजारो पानं एका रात्रीत आंधळी झाली. ऑर्कुट २०१४ ला गेलं, आपल्या किती मराठी कम्युनिटी त्याबरोबर गेल्या. याहू ग्रुप्सचं जुनं सगळं २०१९ च्या शेवटी काढून टाकलं आणि २०२० च्या डिसेंबरात ग्रुपच बंद. दुर्बिणी बनवणाऱ्यांनी तिथं वर्षानुवर्षं लिहिलं होतं, त्यातलं काहींनी धावपळ करून उतरवून घेतलं, बाकीचं गेलं. मला याचं अजूनही फार वाईट वाटतं. ही माहिती कुठल्या प्रयोगशाळेत लिहिलेली नसते, कुणीतरी रात्री दोन वाजता कड सुधारली म्हणून आनंदाने चार ओळी टाईप केलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच चार ओळी तुम्हाला हव्या असतात.

म्हणून तुमचा हा लॅप सुधारला की कृपा करून एक पान लिहा. कागदावर लिहा किंवा साध्या फाइलमध्ये, पण त्यात काच कुठली, व्यास किती, फोकल लेंग्थ किती, गाव, महिना, खोलीचं तापमान, काय दिसलं, काय केलं, आणि त्यानंतर काय झालं हे सगळं येऊ द्या. शेवटचं बहुतेक लोक लिहीत नाहीत, "थँक्स, जमलं" म्हणून निघून जातात आणि काय जमलं ते कुणाला कळत नाही. फूको टेस्टचा फोटो त्याच फाइलमध्ये चिकटवा, लिंक देऊ नका. एका अडचणीला एक पान, मराठीत. ते तिघांच्या घरी असू द्या, आणि वर्षातून एकदा प्रिंट काढून फाइलला लावा. दुसऱ्याच्या धाग्यातलं उतरवून घेणार असाल तर त्याला आधी विचारा आणि त्याचं नाव वर घाला. जुने लोक सापडतात, मेल केला तर बहुतेक खूशच होतात. मे महिन्यातला नागपूरचा पिच या विषयावर जगात कुठंही पान नसेल, ते तुम्हीच लिहू शकता.

तयार चायनीज दुर्बीण आरशाच्या सामानाच्या खर्चात थोडे पैसे घालून मिळते. मग हा खटाटोप करायचाच कशाला? छंद मरत असेल तर मरू द्यावा असं नाही का वाटत? (ठाणे)

नाही वाटत. नुसतं आकाश बघायचं असेल तर तयार दुर्बीण घ्या, मी स्वतः अनेकांना तेच सांगते. पण ज्या गावात एक जरी आरसा घासलेला माणूस असतो तिथं बाकीच्यांच्या तयार दुर्बिणीसुद्धा चालू राहतात, कारण कोलिमेशन (आरशांची जुळणी) बिघडलं, कोटिंगवर बुरशी आली, फोकसर ढिला झाला की त्याच्याकडेच धाव घेतली जाते. तो माणूस नसेल तर दुर्बीण माळ्यावर जाते. अशा माळ्यावर गेलेल्या दुर्बिणी ठाण्यात किती आहेत याची चौकशी करा एकदा.

मी अकरावी सायन्सला आहे. आमच्या इथं कुठलाच खगोल ग्रुप नाही. यूट्यूब बघून आरसा बनवायचं ठरवलंय, बाबा हो म्हणालेत, आई म्हणते काच घरात नको. एकटीने जमेल का? आणि अडलं तर विचारायचं कुणाला? (परभणी जिल्हा)

जमेल गं. आईचं थोडं ऐक मात्र, घासायचं काम घरात नको, अंगणात किंवा गच्चीवर कर. पावडर कायम ओली ठेव म्हणजे धूळ उडत नाही, आणि धुतलेलं पाणी मोरीत ओतू नकोस, कार्बोरंडम (घासायची पावडर) आणि काचेचा गाळ पाइपात बसला की निघत नाही, बादलीत साठवून बाहेर खड्ड्यात टाक.

सहा इंचीच घे, एफ/८. चार इंची सोपा वाटतो पण हातात नीट बसत नाही. काचेच्या मोठ्या दुकानात १९ मिलिमीटर जाडीची काच मिळते, ती गोल कापून देणारा शोध. टूलसाठी दुसरी काच लागत नाही, प्लास्टर ऑफ पॅरिसची जाड चकती करून तिच्यावर फरशीच्या टाइलचे तुकडे इपॉक्सीने चिकटवतात. १२०० मिलिमीटर फोकल लेंग्थ हवी असेल तर मध्यभागी साधारण १.१७ मिलिमीटर खोल गेलं पाहिजे, सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेजच्या पट्ट्या सरकवून मोजता येतं, गॅरेजवाल्याकडे गेज असतो. ऐंशी नंबरने सुरुवात, मग १२०, २२०, ३२०, ४००, ६००. प्रत्येक नंबर बदलताना बादली, कापड, तुझी नखं, सगळं धू. जाड पावडरीचा एक कण बारीकमध्ये आला तर चरा पडतो आणि मागे जावं लागतं. यूट्यूबवर हा धुण्याचा भाग नेमका कापलेला असतो.

यूट्यूबवर हात दिसतात, पण आवाज आणि हाताला लागणारा विरोध कळत नाही. ताजी पावडर करकरते, मग तो आवाज मऊ होत जातो, तेव्हा ती संपलेली असते. म्हणून अगदीच एकटी करू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत एकदा पुण्याला जाता आलं तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आधी फोन करून विचार, आयुकाने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतलेल्या आहेत, माहीतगार माणसं तिथं भेटतात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या वेळी नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते, शाळा-कॉलेजची मुलं आपापले प्रकल्प मांडतात, तुझा अर्धा झालेला आरसा तिथं घेऊन गेलीस तर कोण कोण येऊन बोलतं बघ. आणि तुझ्याच कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमधले जे दादा असतात ना, त्यांना दाखव. ऑप्टिकल बेंच त्यांच्या ताब्यात असतो, फूको टेस्टचं स्टँड ते तासाभरात उभं करून देतील, एक एलईडी, एक दाढीचं ब्लेड आणि मागेपुढे सरकणारा स्क्रू एवढंच तर लागतं.

एका माणसाबद्दल सांगते तुला. जॉन डॉब्सन. सॅन फ्रान्सिस्कोला रामकृष्ण संघाच्या वेदान्त सोसायटीचा मठ आहे, तिथं तो १९४४ पासून साधू होता. हातात पैसा नाही, तर जहाजांच्या खिडक्यांच्या जुन्या जाड काचा घासून तो आरसे करायचा, दुर्बीण प्लायवूडच्या साध्या खोक्यावर बसवायचा आणि रस्त्यावर नेऊन शेजारच्या पोरांना चंद्र दाखवायचा. या नादापायी १९६७ ला त्याला मठ सोडावा लागला, पण १९६८ मध्ये फुटपाथवरून आकाश दाखवणाऱ्यांचा ग्रुप सुरू झाला आणि त्याच्या खोक्याची नक्कल आज जगभर होते. डॉब म्हणतात त्या दुर्बिणीला, तूही तीच बनव, सहज फिरावी म्हणून खाली सनमायका आणि टेफ्लॉनचे तुकडे. त्याने कुठं जाहिरात केली नव्हती. नळी घेऊन चौकात उभं राहिलं की माणसं जमतात, त्यातलं एखादं दुसऱ्या दिवशी परत येतं आणि विचारतं हे केलं कसं. परभणीत तुझा ग्रुप असाच सुरू होईल. तुझ्या आरशाचं काम एखाद्या मैत्रिणीला सुरुवातीपासून बघू दे, पुढचा तिचा.

अडलं की मला सदराच्या पत्त्यावर लिही, मी उत्तर देईन, आणि ते या सदरात छापू म्हणजे दुसऱ्यालाही मिळेल.

वय ७४. चाळीस वर्षांत बरेच आरसे केले, लोकांना वाटले. आता गुडघ्यांमुळे पिंपाभोवती फिरता येत नाही. घरात पावडरींचे डबे, सेरियम (पॉलिशची पावडर), तीन टूल, स्वतः केलेला टेस्टर आणि वह्या आहेत. मुलांना रस नाही, सून म्हणते भंगारात द्या. एखाद्या म्युझियमला द्यावं का? (रत्नागिरी)

काका, म्युझियमला नका देऊ. तिथं तो टेस्टर काचेच्या पेटीत जाईल आणि कुणाच्या हाताला लागणार नाही.

वरचं सांगलीचं पत्र वाचलंत ना, घाट ओलांडला की ती मंडळी आहेत. त्यांच्याकडे माणसं आहेत पण शिकवणारं कुणी नाही, तुमच्याकडे सगळं आहे आणि घेणारं कुणी नाही. तुमची परवानगी असेल तर त्यांचा नंबर कळवते. पण सामान टेम्पोत भरून एकदम पाठवू नका. त्यांना तुमच्याकडे बोलवा, दोन-दोन जणांना, आणि येताना त्यांचा आरसा घेऊन यायला सांगा. एक टूल न्यावं, महिन्याभराने आरसा दाखवायला परत यावं, मग दुसरं. असं केलं तर सामानाबरोबर तुमचं बोलणंही जाईल.

डब्यांवर आधी चिठ्ठ्या लावा, आजच. पावडरींचे नंबर तुम्हाला बोटाच्या चिमटीत कळतात, दुसऱ्याला कळणार नाहीत, आणि ३२० च्या डब्यात ऐंशी मिसळली गेली तर सगळाच डबा गेला. टेस्टरच्या स्क्रूचा एक आटा म्हणजे किती मिलिमीटर ते त्याच्यावरच रंगाने लिहा. सहा इंची एफ/८ ला दिवा जागेवर ठेवून फक्त ब्लेड सरकवत असाल तर मध्य आणि कड यांच्यासाठी ब्लेडच्या जागांमधला फरक २.३४ मिलिमीटरच्या आसपास यायला हवा, हे तुम्हाला पाठ असेल, पण दिवा जागेवर ठेवून की ब्लेडबरोबर सरकवून हेच लोक विचारायला विसरतात आणि उत्तर दुप्पट किंवा निम्मं धरून बसतात. तुमच्या टेस्टरचा दिवा कुठला प्रकार, ते तिथंच लिहा.

वह्यांचे फोटो काढायला नातवंडांना लावा, प्रत्येक पानाचा. अक्षर लागत नसेल तर तुम्ही वाचा आणि त्यांनी फोनवर रेकॉर्ड करावं. आणि एक व्हिडिओ मात्र नक्की करा, खुर्चीत बसून, कॅमेरा फक्त हातांवर. लॅपवर आरसा ठेवताना मनगट किती सैल ठेवता, दाब कुठं देता, कुठं देत नाही. ते वहीत लिहिता येत नाही. गुडघ्यांचं म्हणाल तर छोटं फिरतं स्टूल आणि टेबलावर फिरती चकती घेऊन बसूनही घासता येतं, कुंभाराच्या चाकासारखं, त्यामुळे थांबलंच पाहिजे असं काही नाही.

कोकणातली हवा दमट, तयार आरसे असतील तर घट्ट डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, कोटिंगवर डाग पडतात. सूनबाईंना सांगा थोडे दिवस थांबा म्हणून, न्यायला माणसं येतायत.

आम्ही न्यू जर्सीत आहोत, मूळचे मिरजेचे. इथल्या क्लबात मी दोन आरसे केले. गावाकडच्या मुलांना शिकवायची खूप इच्छा आहे पण वर्षातून एकदाच येणं होतं. ऑनलाइन शिकवून काही उपयोग होतो का? की नुसतं समाधान? (न्यू जर्सी)

उपयोग होतो, पण सगळ्याचा नाही. घासणं ऑनलाइन शिकवायला जाऊ नका. टेस्ट मात्र फोनवरून उत्तम शिकवता येते, ब्लेडच्या मागे डोळ्याच्या जागी फोनचा कॅमेरा लावला की आरशावरची सावली तुम्हाला तिथं बसून दिसते. सावली वाचता येणं हाच नव्या माणसाचा सगळ्यात मोठा अडथळा आहे, भोक (खड्डा) दिसतंय की डोंगर (उंचवटा) हेच त्याला ठरवता येत नाही, आणि बहुतेक आरसे याच टप्प्यावर कपाटात जातात. तिथं तुम्ही त्याच्याबरोबर अर्धा तास बसलात तर आरसा पूर्ण होईल.

वेळ ठरवून टाका आणि ती बदलू नका. तुमचा शनिवार सकाळचा नऊचा ठोका म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि तुमची घड्याळं मागे गेली की साडेसात, दोन्ही वेळा सोयीच्या. महिन्यातून एकदाच, पण कुणी आलं नाही तरी तुम्ही लाइनवर असायचंच. तीन महिने असं केलंत की लोकांना कळतं हा माणूस तिथं असतोच. बोलणं मराठीत ठेवा. इंग्रजीत प्रश्न विचारायला मिरजेचा पोरगा लाजतो आणि मग विचारतच नाही. झालेल्या प्रत्येक सेशनचं एक पान त्याच दिवशी लिहून ग्रुपला द्या, रेकॉर्डिंग कुणी परत बघत नाही.

तुम्हाला व्हरमाँट गाडीने जाण्यासारखं आहे, उन्हाळ्यात स्टेलाफेनला जाऊन या. पोर्टरची जुनी दुर्बीण टेकडीवर अजून आहे, पण त्याहून जास्त वेळ मैदानात लोकांनी मांडलेल्या दुर्बिणींपाशी घालवा. खोका कसा जोडलाय, आरशाला मागून आधार कसा दिलाय, मालकाला विचारलं की तो सगळं उघडून दाखवतो. मोजमापं घालून फोटो काढा, फक्त दुर्बिणीचे नकोत, जोडांचे, स्क्रूंचे, मागच्या बाजूचे. सांगलीच्या ग्रुपला त्याचा फार उपयोग होईल, मिरज त्यांच्या शेजारीच आहे. तुमचा मेल मी त्यांना पाठवतेय आणि त्यांचा तुम्हाला. जूनचा पहिला रविवार त्यांनी पकडला तर त्याच्या आदल्या शनिवारी तुमचं पहिलं सेशन होऊ शकतं.